हॅमेलिनच्या मानचिन्हात पुंगीवाला नाही, जात्याची तळी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट आली होती. गोष्ट छान उतरली आहे. पण सोबतच्या चौकटीत रंगीबेरंगी कपड्यांतला पुंगीवाला दाखवून खाली ‘हॅमेलिन शहराचे मानचिन्ह’ असे छापले आहे, ते बरोबर नाही. त्या गावाच्या मानचिन्हात पुंगीवाला नाही, उंदीर नाहीत आणि मुलेही नाहीत. तिथे एका ढालीवर चर्च आहे आणि चर्चच्या पायाशी जात्याची तळी, म्हणजे दळणाचा गोल दगड, आहे. चूक चौकटीपुरती असती तर दोन ओळींत भागले असते. पण गावाची प्रसिद्ध गोष्ट रंगवून लावली की झाले मानचिन्ह, हा समज आपल्याकडेही पक्का आहे. खानदेशात एखाद्या नगरपालिकेचे बोधचिन्ह करायचे ठरते, तेव्हा काम बिघडते ते याच समजामुळे. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

हॅमेलिन, जर्मन उच्चारात हामेल्न, हे लोअर सॅक्सनी राज्यातले वेझर नदीकाठचे गाव. ९व्या शतकात फुल्डाच्या बेनेडिक्टाइन मठाने इथे आपली शाखा काढली आणि तिच्या आधाराने वस्ती वाढली. संत बोनिफेसच्या नावाचे तिथले चर्च आजही नदीच्या अंगाला उभे आहे आणि मानचिन्हात दिसते ते हेच. तळी आली ती पाणचक्क्यांमुळे. वेझरच्या प्रवाहावर इथे पूर्वापार गिरण्या चालत. मध्ययुगीन कागदपत्रांत या गावाचा उल्लेख ‘क्वेर्न-हामेल्न’, म्हणजे जात्यांचे हामेल्न, असा सापडतो. गाव कोणी वसवले आणि गावाचे पोट कशावर भरले, एवढ्या दोनच गोष्टी त्या ढालीवर आहेत.

ही तळी नीट पाहण्यासारखी आहे. तिच्या मधोमध भोक आणि त्या भोकात आडवा बसवलेला एक लोखंडी तुकडा असतो. आपल्या घरच्या जात्यात त्याला माकडी म्हणतात. खालच्या तळीत रोवलेला खुंटा या माकडीच्या खोबणीत बसतो आणि वरच्या तळीचा सगळा भार तिच्यावर तोलला जातो. माकडी झिजली की वरची तळी खाली बसते, दगडाला दगड घासतो आणि पिठात कच येते. पाणचक्कीत हेच काम मोठ्या मापात चालते. पाण्याच्या चाकाची गती दातेरी चाकांतून उभ्या लोखंडी दांड्याला मिळते, दांड्याच्या टोकावर माकडी बसते आणि ती वरचा दगड फिरवते. दाणा माकडीच्या दोन्ही अंगांनी खाली उतरतो. युरोपच्या मानचिन्हांत ही माकडी पुष्कळ गावांनी घेतली आहे, कधी तळीसकट, कधी नुसतीच. नुसती काढली की तिचा आकार बाहेर वळलेल्या चार नख्यांचा दिसतो आणि अनोळखी माणूस तिला क्रूस किंवा नांगर समजून बसतो. हामेल्नच्या ढालीकडे पाहताना वरचे चर्च सगळ्यांना कळते, खालची तळी मात्र ‘चाक’ म्हणून खपून जाते. चाकाला आरे असतात, तळीला नसतात, हा फरक डोळ्यांत ठेवला की पुरे.

आता पुंगीवाल्याचे. २६ जून १२८४ रोजी गावातली १३० मुले नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. १५व्या शतकाच्या मध्याच्या सुमाराच्या एका हस्तलिखितात तिशीतला एक देखणा तरुण चांदीची पुंगी वाजवत आला आणि मुले त्याच्यामागे गेली, एवढेच आहे. उंदरांचा त्यात पत्ता नाही. उंदीर कथेत शिरले ते १६व्या शतकात. मुलांचे नेमके काय झाले यावर अभ्यासकांत एकमत नाही. पूर्वेकडे नव्या वसाहती वसवायला तरुण मंडळी नेली गेली, हे त्यातले जास्त चर्चेत असलेले अनुमान. आज गाव ही गोष्ट मनापासून जपते. १९५६ पासून उन्हाळ्यात रविवारी उघड्यावर तिचे नाट्य होते, आणि मुले ज्या गल्लीतून गेली असे मानतात तिथे आजही वाद्य वाजवत नाहीत. लग्नाची वरात आली तरी तेवढ्या टप्प्यात वाजंत्री थांबते. तरीही गावाचे मानचिन्ह ते आणि पर्यटनाचा पुंगीवाला तो, ही दोन खाती गावाने वेगळी ठेवली आहेत. पुंगीवाला दुकानाच्या पाटीवर, बिस्किटाच्या डब्यावर, मगवर दिसतो. मानचिन्ह खासगी धंद्यासाठी वापरायचे तर जर्मनीत पालिकेची परवानगी लागते. तिथल्या नागरी संहितेचे कलम १२ माणसाच्या नावाला संरक्षण देते आणि न्यायालये तेच संरक्षण गावाच्या मानचिन्हालाही लावतात.

मानचिन्हाचे मूळ सजावटीत नाही, शिक्क्यात आहे. जर्मन शहरे १२व्या शतकापासून स्वतःचे शिक्के वापरू लागली. कोलोन, माइन्झ आणि ट्रियर ही त्यातली सर्वांत आधीची. शहराने करार केला, जमीन दिली, कर्ज घेतले की मेणावर शिक्का उठे आणि त्याने तो कागद शहरावर बंधनकारक होई. शिक्का असणे म्हणजे शहराला स्वतःच्या नावाने व्यवहार करता येणे. हामेल्नला याची किंमत चांगली ठाऊक होती. १२५९ मध्ये फुल्डाच्या मठाधिपतीने हे गावच मिंडेनच्या बिशपला विकून टाकले. गावकरी विरोधात उभे राहिले आणि १२६० मध्ये झेडेम्युंडरच्या लढाईत हरले. ज्या मठाने गाव विकले त्याच मठाने उभारलेले चर्च त्यांच्या मानचिन्हात आहे, हेही विसरता येत नाही. शिक्क्यावरचे चित्र पुढे ढालीवर आणि निशाणावर गेले, त्याला रंग मिळाले, आणि आज आपण ज्याला मानचिन्ह म्हणतो ते तयार झाले.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. चालुक्यांच्या ताम्रपटाच्या कडीवर वराह आहे, यादवांच्या गरुड. शिवकालीन पत्रात वर अष्टकोनी मुद्रा आणि मजकूर संपला तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब असे, कारण मोर्तबाच्या पुढे कोणी एक ओळ जरी घुसडली तरी ती खोटी ठरावी. चिन्ह हे आधी पुराव्याचे साधन असते, शोभा त्यानंतरची. हे एकदा मान्य झाले की चिन्हात काय हवे आणि काय नको याचा निम्मा वाद मिटतो.

दंतकथांची पारख कशी करतात, याचा एक नमुना माइन्झचा. त्या शहराच्या मानचिन्हात क्रूसाने जोडलेली दोन चाके आहेत. लोक सांगतात, आर्चबिशप विलिगिस हा चाके करणाऱ्या सुताराचा मुलगा. त्याला हिणवायला कोणीतरी भिंतीवर चाके काढली आणि त्याने तेच चिन्ह अभिमानाने घेतले. ऐकायला गोड. पण विलिगिस १०११ मध्ये वारला आणि ढालीवर ठरावीक, वंशपरंपरेने चालणारी चिन्हे काढण्याची रीत युरोपात आली १२व्या शतकात. मधले शतकभराचे अंतर ही कथा भरून काढू शकत नाही. कोणत्याही गावाच्या चिन्हाची कथा ऐकली की पहिला प्रश्न हाच विचारावा: चिन्हाचा सर्वांत जुना ठसा कोणत्या सालचा, आणि कथा पहिल्यांदा लिहिली गेली कोणत्या साली? कथा चिन्हाच्या मागून आलेली निघाली, तर बहुधा चिन्ह पाहूनच ती रचलेली असते. आपल्याकडच्या स्थलपुराणांनाही हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. मानचिन्ह हे मुळात चित्र नसतेच, ते एक लेखी वाक्य असते. बर्लिनचे घ्या: ‘रुपेरी ढालीवर उभे काळे अस्वल, जीभ आणि नखे लाल.’ ढालीवर सोनेरी मुकुट आहे, तो वेगळा सांगतात. एवढ्या वर्णनावरून दहा चित्रकारांनी दहा अस्वले काढली, तरी दहाही बर्लिनचीच. एकाचे अस्वल केसाळ असेल, दुसऱ्याचे गुळगुळीत, तिसऱ्याचे जाड. वर्णनाला बाध येत नाही. पण अस्वल तपकिरी केले किंवा ढाल पिवळी केली की ते बर्लिनचे राहिले नाही. वाक्य लिहायचा क्रम ठरलेला आहे. आधी ढालीचा रंग, मग मधली मुख्य वस्तू, ती कशी उभी किंवा बसलेली आहे, तिचा रंग, तिच्या अवयवांचे वेगळे रंग आणि शेवटी बाजूच्या लहान वस्तू. उजवे-डावे ढाल धरणाऱ्याचे, पाहणाऱ्याचे नव्हे. नवख्या माणसाची सर्वांत जास्त चूक इथेच होते. समोरून पाहणाऱ्याला जे डावीकडे दिसते ते वर्णनात उजवे लिहायचे. प्राण्याचे तोंड काही न सांगता असेल तर ते ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे आपल्याला डावीकडे वळलेले, असे धरतात.

रंगांचा नियम त्याहून कामाचा आहे. सोने आणि चांदी हे दोन ‘धातू’, छपाईत पिवळा आणि पांढरा. लाल, निळा, हिरवा, काळा हे ‘रंग’, जांभळा क्वचित. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. पांढऱ्यावर पिवळे काढले तर लांबून दिसत नाही, काळ्यावर निळे काढले तरी दिसत नाही, म्हणून हा नियम. महामार्गावरच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे घालतात तीही याच कारणाने. अपवाद आहेत, पण ते मुद्दाम केलेले आणि मोजके. नियम पाळणारी दोन चिन्हे पाहा: लाल ढालीवर पांढरा तट आणि मनोरे हे हॅम्बुर्गचे, लाल ढालीवर चांदीची किल्ली हे ब्रेमेनचे. दोन्ही शहरे बंदराची. जहाजाच्या निशाणावर चिन्ह लांबून ओळखू येणे ही त्यांची रोजची गरज होती.

रंग छापता येत नसेल तेव्हा काय करायचे, याचेही उत्तर तयार आहे. १६३८ मध्ये पेत्रा सांक्ता या जेझुइट पंडिताने रोममध्ये छापलेल्या ग्रंथात रंग रेघांनी दाखवण्याची पद्धत दिली आणि ती सर्वत्र रूढ झाली. सोने म्हणजे ठिपके, चांदी म्हणजे कोरी जागा, लाल म्हणजे उभ्या रेघा, निळा म्हणजे आडव्या, काळा म्हणजे उभ्या-आडव्या रेघांची जाळी, हिरवा म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या रेघा, आणि जांभळा म्हणजे त्याच्या उलट तिरप्या. काळ्या शाईतल्या ठशावरून मूळ रंग वाचता येतात ते यामुळे. जुन्या इमारतींवर कोरलेली चिन्हे, नाणी आणि पुस्तकांची मुखपृष्ठे याच रेघांनी बोलतात. आपल्या पुरवणीचे आतले पान काळे-पांढरे असते, तिथेही ही युक्ती चालेल.

चिन्हात सत्तेचे चढउतार कसे उमटतात, ते पाहायचे तर बर्लिनसारखे दुसरे उदाहरण नाही. १२८० च्या शिक्क्यात मधे, बर्लिन ज्या राज्यात होते त्या ब्रांडेनबुर्गचा गरुड आणि दोन्ही बाजूंना दोन अस्वले आहेत. १४४८ मध्ये नागरिकांनी राजपुत्राविरुद्ध बंड केले, ते मोडले गेले, आणि त्यानंतरच्या शिक्क्यात गरुड अस्वलाच्या पाठीवर पंजे रोवून बसलेला दिसतो. पुढे अस्वलाच्या गळ्यात पट्टाही आला. १८७५ मध्ये तो पट्टा निघाला. पाठीवरचा गरुड आणि गळ्यातला पट्टा पाहून त्या-त्या वेळी शहर कोणाच्या हाताखाली होते ते कळते. आजचे एकट्या अस्वलाचे रूप पश्चिम बर्लिनने १९५४ मध्ये घेतले आणि १९९० पासून ते सगळ्या शहराचे झाले. जाता जाता, बर्लिन नावाचा अस्वलाशी मुळात संबंध नाही. ते नाव दलदलीच्या अर्थाच्या स्लाव शब्दावरून आले असावे असे भाषाभ्यासक मानतात. लोकांनी कानाला लागेल तसा अर्थ घेतला आणि अस्वल आले. चिन्ह म्हणून ते त्यामुळे खोटे ठरत नाही.

कोबुर्गचे उदाहरण जास्त गंभीर आहे. बव्हेरियातल्या या गावाचे संरक्षक संत मॉरिस. त्यांचे कृष्णवर्णी मस्तक हे गावाचे चिन्ह. नाझींना ते चालेना. १९३४ मध्ये ते काढून मुठीवर स्वस्तिक असलेली तलवार आणली गेली. १९४५ मध्ये राजवट गेली आणि जुने चिन्ह परत आले. २०२० मध्ये त्याच मस्तकाच्या चित्रणावर वंशभेदाचा आक्षेप घेऊन ते बदलण्याची मागणी झाली आणि तिला विरोधही झाला. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की वाद संताच्या असण्याविषयी वेगळा आणि ओठ-कानांच्या रेखाटनाविषयी वेगळा. वाक्य आणि चित्र निराळी असली की हा दुसरा वाद वाक्याला धक्का न लावता सोडवता येतो.

नवे चिन्ह करण्याची वेळ जर्मनीत १९६० आणि ७० च्या दशकांत हजारो गावांवर आली, कारण प्रशासकीय फेररचनेत लहान ग्रामपालिका एकमेकींत मिसळल्या. प्रत्येक गाव म्हणे, आमची खूण हवीच. सहा गावांची सहा चित्रे एका ढालीवर कोंबली की काहीच ओळखू येत नाही, हे तेव्हाच लक्षात आले. त्यावर निघालेला तोडगा साधा होता: एकच वस्तू घ्यायची आणि तिच्या भागांची संख्या गावांइतकी ठेवायची. पाच गावांसाठी पाच पानांची फांदी, सात गावांसाठी सात कणसे. गावातून नदी जात असेल तर लहरींचा आडवा पट्टा, तोही एकच. राज्याराज्यांत नियम थोडे वेगळे आहेत, पण वाट साधारण अशी: आधी जुने शिक्के आणि दप्तर पाहणे, मग जाणकाराकडून दोन-तीन मसुदे, त्यावर राज्य अभिलेखागाराचे मत, मग नगरसभेचा ठराव, आणि शेवटी वरिष्ठ कार्यालयाची मान्यता. मान्यता मिळते ती वाक्याला. चित्र सोबत जोडलेले असते. अभिलेखागार पाहते ते दोनच प्रश्न: हे दुसऱ्या कोणाच्या चिन्हासारखे नाही ना, आणि नियमांत बसते ना.

आता आपल्याकडे. बोधचिन्हाची स्पर्धा लागते, शाळा-कॉलेजांतून चित्रे येतात, समिती त्यातले ‘सर्वसमावेशक’ निवडते. गोल वर्तुळ, त्यात उगवता सूर्य, खाली नदी, डावीकडे कपाशीचे बोंड, उजवीकडे केळीचा घड, मागे किल्ला, पुढे उघडे पुस्तक, कडेला दातेरी चाक, खाली फितीवर संस्कृत वचन. संगणकावर ते शोभून दिसते. मग ते घंटागाडीच्या पत्र्यावर जाते, घरपट्टीच्या पावतीवर जाते, जन्मदाखल्याच्या झेरॉक्सवर जाते, आणि एक काळा गोळा उरतो. कारण उघड आहे. कार्यालयाच्या गोल शिक्क्यात कडेची अक्षरे सोडली तर मध्ये चिन्हाला जेमतेम दीड सेंटिमीटर जागा मिळते. तेवढ्यात आठ वस्तू बसवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला चार-पाच मिलिमीटर येतात. रेघांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की रबरात शाई साचते आणि फट बुजते. त्यात रंगांची उतरती छटा असेल, तर झेरॉक्समध्ये तिचे नुसते डाग होतात.

केळीचेच पाहू. रावेर-यावलचा कोणीही चिन्ह करायला बसला की घडच काढणार, आणि ते साहजिक आहे. पण घडात फण्यांवर फण्या असतात, लहान आकारात त्याचा पिवळा ढिगारा होतो. त्याऐवजी केळफूल घ्यावे. खाली झुकलेला दांडा, टोकाला निमुळता लालसर कोंब, एक पाकळी उचललेली. बाह्यरेखा एकाच वळणात येते आणि दुसऱ्या कोणत्याही झाडाशी गल्लत होत नाही. सोनेरी ढालीवर लाल केळफूल घेतले तर रंगाचा नियमही पाळला जातो. कपाशीचे बोंड घ्यायचे तर उमललेले आणि समोरून, चारच पाकळ्यांचे, मागे वाळलेल्या नखीची टोके. पांढरे बोंड पांढऱ्या ढालीवर दिसणार नाही, तिथे निळी किंवा हिरवी ढाल हवी. मानचिन्हात वस्तू फोटोसारखी काढत नाहीत. तिचे जे ओळखीचे तेच मोठे करून दाखवतात.

साक्रीकडे पांझरेवर शेकडो वर्षे चाललेली फड पद्धत आहे. नदीवर बुटका बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली फडांत वाटलेले रान, एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. हामेल्नला गिरणी जशी, तसा त्या गावांना बंधारा. निळ्या लहरींचा पट्टा आणि त्यावर दगडी बांधाचे दोन थर, एवढे पुरे. भुसावळने इंजिन न काढता रुळांचा सांधा काढावा, असे आमचे मत. इंजिनाची बनावट दर पिढीत बदलते, दोन रूळ जिथे फुटतात ती आकृती बदलत नाही.

आणि चाळीसगावजवळचे पाटण. तिथला भास्कराचार्यांच्या परंपरेचा शिलालेख १३व्या शतकाच्या आरंभीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उघडला आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्याला दाने दिली. लेखाच्या मराठी भागात ती दाने बारकाईने नोंदवली आहेत: बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा हिस्सा, आणि गावात जेवढे घाणे चालतात तेवढ्या घाण्यांमागे पळी पळी तेल. मठ आणि घाणा, दगडात कोरलेले, साल-तारखेसह. हामेल्नच्या ढालीवरही मठाचे चर्च आणि गिरणीच आहे. अशी जोडी ज्या गावाला आयती मिळाली आहे त्याने दातेरी चाक आणि उघडे पुस्तक कशाला उसने घ्यावे? घाणा पूर्ण काढला तर उखळ, लाट (उखळात फिरणारा लाकडी दांडा), जू, बैल अशी गर्दी होते. उखळ आणि त्यातून तिरपी निघालेली लाट एवढे घेतले तरी चालेल. पण आम्ही पळी निवडू. लांब दांडा, खाली वाटी, उभी धरलेली. दीड सेंटिमीटरच्या शिक्क्यात ती स्वच्छ उठते आणि तिच्यामागे सहज दाखवता येईल असा पुरावा उभा आहे. ‘निळ्या ढालीवर उभी सोनेरी पळी’, झाले वाक्य.

खानदेशातल्या नगरपालिकांना म्हणून सुचवायचे ते असे. चित्रांची स्पर्धा लावण्याआधी वस्तू ठरवा, जास्तीत जास्त दोन. त्यासाठी जुने ठसे आणि कागद पाहा. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, जिल्ह्याची अभिलेख कार्यालये आहेत, नगरपालिकांची स्वतःची जुनी ठरावबुके आहेत. हद्दवाढीत आलेली गावे दाखवायची असतील तर पानांच्या किंवा लहरींच्या संख्येने दाखवा. ढालीवर अक्षरे घालू नका, कारण अक्षरे वाचावी लागतात आणि लांबून वाचता येत नाहीत. गावाचे नाव ढालीखाली लिहायला हरकत नाही. तालुक्याचा नकाशा घालू नका, त्याची बाह्यरेखा कोणालाच ओळखू येत नाही. सिंहमुद्रेला, म्हणजे देशाच्या राजमुद्रेला, हात लावू नका. १९५० चा आणि २००५ चा असे दोन केंद्रीय कायदे तिच्या गैरवापराविरुद्ध आहेत.

मसुदा हाती आला की चार कसोट्या लावा. दीड सेंटिमीटरचा रबरी शिक्का करून साध्या कागदावर उठवून पाहा. त्या ठशाची झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला चित्र न दाखवता फक्त वाक्य वाचून दाखवा आणि त्याला काढायला सांगा. त्याने अडून प्रश्न विचारला तर दोष वाक्यात आहे, ते सुधारा. आणि कापडावर तीन फुटी चिन्ह रंगवून शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावा. तिथून वस्तू कोणती ते सांगता आले पाहिजे.

ठरावात आधी वाक्य लिहावे, मग अर्थाच्या दोन ओळी पुराव्यासह, मग छपाईच्या रंगांचे क्रमांक, मग काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी रेघांची आवृत्ती, आणि खासगी वापराला परवानगी कोण देणार ते पदनाम. चित्र शेवटी जोडावे आणि त्याखाली ‘नमुना’ असे लिहावे, म्हणजे पन्नास वर्षांनी पालिकेला ते नव्या हाताकडून पुन्हा काढून घेता येईल.

आपले विश्वासू,
नाणी व मुद्रांचे काही अभ्यासक,
धुळे व अमळनेर